दोनशे वर्षं न जेवलेला माणूस रोज दुपारी जेवायला येतो: शियानशियात कॉमेडी स्लो-बर्न रोमान्स कसा लिहायचा

शियानशिया म्हणजे चिनी साधना-फँटसी. उडत्या तलवारी, डोंगरावरचे पंथ, अमर व्हायला निघालेली माणसं, हे सगळं आपल्यातल्या बऱ्याच जणांनी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर इंग्रजी भाषांतरांतून वाचलंय आणि आता स्वतः मराठीत लिहायची खुमखुमी आलीये, तर हे त्यांच्यासाठी. मारामारीचे सीन कसे लिहायचे ते मी सांगणार नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. आपला विषय एवढाच की दोन माणसं पन्नास चॅप्टर एकमेकांवर जीव टाकतात, अख्ख्या डोंगराला कळतं, त्या दोघांनाच कळत नाही, आणि वाचणारा हसतो पण आणि चिडतो पण, हे जमवायचं कसं.

माझं मत आधीच सांगून टाकते. उशीर आणि विनोद दोन्ही त्या जगाच्या नियमांतून यायला पाहिजेत. ऐन वेळी दार वाजलं, पत्र चुकून भलत्यालाच मिळालं, असला उशीर एकदा चालतो, दुसऱ्यांदा खपवून घेतात, तिसऱ्यांदा वाचक पुस्तक मिटतो. आणि साधनेच्या जगात उशीर करायची इतकी सोय आयती पडलीये की बाहेरून काही आणायची गरजच नाही.

पायरी 1: आधी वेळेचं गणित लावा

पात्रांची नावं, त्यांचे डोळे कसे, केस किती लांब, ते सगळं नंतर. आधी कागदावर आयुष्यं लिहा. या जगात माणूस पायरीपायरीने चढतो: आधी छी, म्हणजे प्राणशक्ती, गोळा करतो, मग फाउंडेशन, मग गोल्डन कोअर, मग नॅसंट सोल, आणि तिथून पुढे जो लेखक जितकं ताणेल तितकं. शेवटी आकाशातून विजा पडतात, त्या झेलल्या तर वर, नाही तर राख. कोण किती जगतं याचे आकडे प्रत्येकजण आपापले ठेवतो, पण फाउंडेशनवाला 200 वर्षं, गोल्डन कोअरवाला 500, नॅसंट सोलवाला 1000 असं धरलंत तर कोणी भांडायला येणार नाही.

हे सगळं हवेतून आलेलं नाही हेही माहीत असू दे. ग होंग (283–343) नावाचा विद्वान होता, त्याच्या ‘बाओपुझी’ ग्रंथात अमर होण्याच्या औषधांच्या कृती आहेत, त्यात हिंगूळ काय, सोनं काय. पुढे काही शतकांत ताओवादी साधकांनी ती भट्टी बाहेरून उचलून शरीराच्या आत नेली, बेंबीच्या खाली दान्तियेन नावाच्या जागी श्वासाने आणि ध्यानाने तेच औषध शिजवायचं. कादंबऱ्यांतला गोल्डन कोअर तिथूनच येतो. बाहेरच्या गोळ्या खाऊन थांग घराण्याचे काही सम्राट चक्क विषबाधेने गेले, त्यामुळे तुमच्या कथेत गोळ्यांची भट्टी उडाली आणि शिफूंच्या, म्हणजे गुरूंच्या, भुवया जळाल्या तर इतिहास तुमच्याच बाजूने आहे.

आता या आयुष्यांचा रोमान्सला उपयोग काय? 260 वर्षांचा माणूस, त्यातली 200 वर्षं गुहेत एकांतसाधनेत गेलीत, म्हणजे तलवार उत्तम चालते पण कोणी ‘कसे आहात’ विचारलं की घाम फुटतो. आपल्याकडे चांगदेवांची गोष्ट आहेच की, चौदाशे वर्षं जगलेला योगी कोरं पत्र पाठवतो आणि चिमुरडी मुक्ताई म्हणते, एवढी वर्षं जगून कोराच राहिला. तो विनोद ज्याला कळला त्याला शियानशियाचा हिरो शिकवायला नको.

वेळ मोजायची मापंही त्यांचीच घ्या. एक शिचेन म्हणजे दोन तास, दिवसाचे बारा. त्याहून कमी असेल तर ‘एक अगरबत्ती जळेपर्यंत’ किंवा ‘चहाचा एक पेला संपेपर्यंत’. हिरो म्हणतो ‘जरा बसून येतो’ आणि सात वर्षं एकांतात जातो, बाहेर येतो तर हिरॉइन (समजा पंथाची हिशेबनीस) तिथेच उभी, हातात सात वर्षांची थकबाकी. इथे हसू येतं, आणि त्याच वाक्यात एक काटाही आहे. ती फाउंडेशनवर अडकलीये, तिच्याकडे 200च वर्षं आहेत आणि त्यातली सात हा नुसता ‘जरा बसून’ घालवून आला. हे घड्याळ विनोदाखाली सतत चालू ठेवा. बोलून दाखवू नका, फक्त चालू ठेवा.

पायरी 2: दोघांना नोकरी द्या

नवशिक्यांची गाडी इथे अडते, कारण सगळ्यांना जगातला सर्वात हुशार तलवारबाज आणि जगातली सर्वात सुंदर परी घ्यायची असते, मग ती दोघं सत्तर चॅप्टर चंद्राकडे बघत उभी. त्यांना रोज एकमेकांसमोर यावं लागेल असं काम द्या. पंथ म्हणजे एक मोठं ऑफिसच असतं, बाहेरचे शिष्य, आतले शिष्य, खास शिष्य, वडीलधारे, प्रत्येक शिखराचा प्रमुख, वर पंथप्रमुख, आणि या सगळ्यांना जेवण, कपडे, गोळ्या, स्पिरिट स्टोन (तिथले पैसेच समजा) पुरवणारं कोणीतरी लागतंच.

मी उदाहरणासाठी एक जोडी घेते, हीच शेवटपर्यंत वापरू. सोंग मियेन, वय 41, कोठाराची हिशेबनीस. तिच्यात पाचही तत्त्वांची मुळं, म्हणजे साधनेची जन्मजात कुवत, आहेत, धातू, लाकूड, पाणी, अग्नी, माती, आणि या जगात पाच असणं म्हणजे सगळ्यात वाईट, एकच शुद्ध मूळ असलेला भाग्यवान. तसा भाग्यवान म्हणजे पेइ झाओ, शुद्ध धातू, वय 260, तलवार-शिखराचा पहिला शिष्य. तो सराव करतो तेव्हा छपरं फुटतात. छपरांचा हिशेब ती ठेवते. झालं, भेटायचं कारण मिळालं, आता योगायोगाची भीक मागायला नको.

हाक काय मारायची ते पहिल्या चॅप्टरआधी ठरवा. शिश्योंग म्हणजे आधी आलेला गुरुबंधू, शिजिए आधी आलेली गुरुभगिनी, शिदी आणि शिमेई नंतर आलेले. साधारणपणे इथे वय बघत नाहीत, पंथात कोण आधी आलं ते बघतात. त्यामुळे पांढऱ्या दाढीचा माणूस सोळा वर्षांच्या पोरीपुढे वाकून ‘शिजिए’ म्हणतो हा विनोद फुकटात मिळतो. आमच्या जोडीत तो ‘पेइ शिश्योंग’ आणि ती ‘सोंग शिमेई’. मधल्या टप्प्यात गंमत करायची असेल तर शंभर वर्षं गुहेत बसलेले गुरूंचे गुरू बाहेर काढा, त्यांना मियेनच्या वह्या आवडल्या, त्यांनी तिलाच शेवटची शिष्या केली, आणि रातोरात ती पेइ झाओच्या गुरूंची गुरुभगिनी झाली, म्हणजे नात्याने आत्या! काल जिला ‘शिमेई’ म्हणून बासनं उचलायला मदत करत होता तिला आज वाकून नमस्कार. दहा चॅप्टर आरामात निघतात.

गुरु-शिष्य जोडी मात्र पहिल्याच कथेत घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. चिनी म्हण आहे की एक दिवसाचा गुरू तो जन्माचा बाप, त्यामुळे तिथे विषय एकदम जड होतो, सत्तेचा प्रश्न येतो, आणि ते पेलायला लागणारा हात विनोदी लेखनाच्या हातापेक्षा वेगळा.

पायरी 3: तोंड न उघडण्याचं कारण

दोन कारणं लागतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. बाहेरच्याची रेडीमेड यादी आहे: निर्मोही मार्गाची साधना (पेइ झाओची हीच), जिथे प्रेम केलं की विद्या मोडते, मनातला राक्षस, जो ब्रेकथ्रूच्या, म्हणजे वरच्या पायरीवर चढायच्या, वेळी डोकं वर काढतो, पंथांतली वैरं, नात्यातली पायरी. आतलं म्हणजे इभ्रत, भीती, किंवा मियेनसारखा शुद्ध व्यवहार, ‘मी दीडशे वर्षांत मरणार, हा पुढे अडीचशे जगणार, कशाला.’ कारण असं हवं की हळूहळू झिजेल. एका भांडणात, एका गोळीने किंवा शत्रू मेल्यावर फटकन संपणारं कारण स्लो-बर्नला उपयोगाचं नाही.

आणि कारणातूनच विनोद काढा. मनातला राक्षस सगळीकडे लाल डोळ्यांचा आणि रक्ताने माखलेला असतो. पेइ झाओचा राक्षस मियेनच्या रूपात येतो, समोर बसतो आणि विचारतो, ‘गेल्या महिन्याची पावती?’ तो घाबरून ध्यानातून उठतो. त्याला वाटतं आपल्याला हिशेबाची भीती वाटते. अजून वीस चॅप्टर तसंच वाटू दे.

शपथेचा नियम तर सोन्याची खाण आहे. या जगात आकाशाला साक्षी ठेवून खोटी शपथ घेतली तर वीज पडू शकते. मी हा सीन असा लिहीन:

शिष्य चिडवतात म्हणून पेइ झाओ भर सभेत हात वर करतो. ‘सोंग शिमेईबद्दल माझ्या मनात काडीचंही काही नाही. खोटं असेल तर वीज पडो.’
आकाश निरभ्र. मग पूर्वेकडून एक छोटासा ढग येतो.
‘म्हणजे, सहकारी म्हणून आदर आहे.’
ढग थांबतो. जात नाही.
‘बऱ्यापैकी आदर.’
ढग हातभर मागे सरकतो. चारशे शिष्य माना वर करून बघतायत. मियेन वही उघडते. ‘शिश्योंग, आज परत छप्पर जाणार असेल तर आत्ताच सांगा, कौलं संपलीत.’

इथे तिला का कळलं नाही हे नीट बघा. ती मठ्ठ नाहीये, तिचं लक्ष कौलांवर आहे, आणि कौलांवर लक्ष असणं हा तिचा स्वभाव पहिल्या चॅप्टरपासून आहे. हिरॉइनला अचानक बिनडोक करून उशीर लांबवणं ही फसवणूक, वाचकाला ती लगेच कळते.

पायरी 4: जवळीकीची शिडी, आणि हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

लिहायला बसायच्या आधी दहा-बारा पायऱ्यांची यादी करा, लहान ते मोठी, आणि शपथ घ्या की एकही गाळणार नाही. त्या जगात काय छोटं आणि काय मोठं ते तिथल्या रीतींवरून ठरतं. मेन्शियस या जुन्या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात प्रसिद्ध संवाद आहे, स्त्री-पुरुषांनी वस्तू देता-घेताना हाताला हात लावू नये ही रीत, मग वहिनी पाण्यात बुडत असेल तर हात द्यायचा का? मेन्शियस म्हणतो, न देणारा लांडगा, तो प्रसंगच वेगळा. झालं, तुमच्या हिरोला आयुष्यभराची पळवाट मिळाली. प्रत्येक वेळी ‘हा प्रसंगच वेगळा आहे’ म्हणून तो बाही धरतो, मग मनगट, मग तलवारीवर मागे बसवताना खांदा. चौथ्या वेळी ती शांतपणे म्हणते, ‘शिश्योंग, इथे पाणी घोटाभर आहे.’

नाडी बघणं ही दुसरी पायरी. मनगटाखाली उशी, वर रुमाल, तीन बोटं, आणि नाडी खोटं बोलत नाही. मग छी देणं, पाठीवर तळवा ठेवून आपली शक्ती दुसऱ्याच्या नाड्यांत सोडायची, हे फार जवळचं मानतात, त्यामुळे मध्याच्या आधी वापरू नका. केसांचा काटा त्याहून वरचा, कारण काटा भेट देणं म्हणजे जवळजवळ बोलूनच टाकणं. पेइ झाओने तो दिला तर तो काटा तलवारीच्या पोलादाचा असणार, वजनदार, आणि मियेन त्याने पहिले सहा महिने पार्सलं फोडणार.

पण माझी सगळ्यात आवडती पायरी जेवणाची. फाउंडेशन झालं की साधकाला अन्न लागत नाही, धान्य सोडणं ही खरी जुनी ताओवादी साधना आहे आणि कादंबऱ्यांत त्याची गोळीसुद्धा मिळते. म्हणजे जो माणूस दोनशे वर्षं जेवला नाही तो बरोब्बर दुपारी स्वयंपाकघरात येऊन बसतो, दोन बाओझी (सारण भरून वाफवलेले पाव) घेतो, एक खातो, एक हातात धरून तासभर तिचं बोलणं ऐकतो, आणि विचारलं तर म्हणतो ‘भूक लागली होती’. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. हे एकदा बसलं की वेगळं प्रेमपत्र लिहायची गरज नाही. स्वयंपाक्याला मात्र सगळं पहिल्या दिवशी कळलेलं असतं, तो गुपचूप बाओझी वाढवतो.

पायरी 5: प्रत्येक विनोदानंतर काहीतरी बदलायला हवं

वाचक हसला, पान उलटलं आणि दोघं होती तिथेच, असं झालं तर तो विनोद काढून टाका, कितीही चांगला असो. मी मियेनची वहीच मोजपट्टी म्हणून वापरते. बघा:

चॅप्टर 4: ‘पूर्व छप्पर, कौलं 60. कारण: तलवारीचा सराव. वसुली पेइ झाओकडून.’
चॅप्टर 15: ‘पूर्व छप्पर, कौलं 12. कारण: विचार करत होते. काय विचार ते सांगितलं नाही.’
चॅप्टर 31: ‘छप्पर शाबूत. पेइ शिश्योंग तरी आले. विचारलं तर म्हणाले, छप्पर बघायला.’
चॅप्टर 44: ‘बाओझी 2. पैसे दिले नाहीत. मी मागितले नाहीत.’

चार नोंदींत सगळं आलं आणि कोणी ‘हृदय धडधडलं’ म्हणालं नाही.

बाकी विनोदाचे प्रकार पटकन सांगते. गंभीर माणूस क्षुल्लक गोष्टीवर गंभीर, हा कायम चालतो. शिष्यांचा सट्टाही चालतो, कोण कधी बोलणार यावर स्पिरिट स्टोन लागलेत आणि वह्या अर्थातच मियेनकडेच आहेत, फक्त तिला वाटतं पैज तिसऱ्याच जोडीवर आहे. तोल जाऊन अंगावर पडणं अख्ख्या कथेत एकदाच. आणि औषध पाजून किंवा विष चढून दोघांना जवळ आणणं हा जुना ट्रोप नकोच, मर्जी नसताना झालेली जवळीक हसायची गोष्ट नाही, शिवाय तुम्ही चाळीस चॅप्टर बांधलेली शिडी एका रात्रीत लाथाडता.

पायरी 6: चॅप्टरचं वेळापत्रक

चिनी वेब-कादंबऱ्या रोज थोड्या थोड्या येतात, एक चॅप्टर साधारण दोन-तीन हजार अक्षरांचा, म्हणून तिथे प्रत्येक चॅप्टरला छोटा झटका लागतो. तुम्ही आठवड्याला एक टाकत असाल तर 60 चॅप्टरचा आराखडा पुरे. पहिल्या 10 मध्ये भांडण आणि सवय. 30 पर्यंत शिडीच्या खालच्या पायऱ्या, प्रत्येक दोन पायऱ्यांनंतर एक माघार. तिशीच्या आसपास एकाला कळतं, दोघांना नाही, हे फार महत्त्वाचं, कारण ‘कोणालाच माहीत नाही’ आणि ‘एकाला माहीत आहे’ यांचे विनोद पूर्ण वेगळे असतात. माझ्या जोडीत मियेनला आधी कळतं, आकड्यांवरून, ती गेल्या तीन वर्षांच्या बाओझींची बेरीज करते आणि पेन खाली ठेवते. पेन म्हणजे कुंचला हो, बॉलपेन आणलात तर मार खाल.

सण हे खुंटे म्हणून वापरा. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला कंदिलांचा सण, त्या रात्री तरुण-तरुणी बाहेर फिरत आणि कंदिलांवरची कोडी सोडवत. सातव्या महिन्याच्या सप्तमीला छीशी, विणकरीण आणि गुराखी वर्षातून एकदाच मॅगपाय पक्ष्यांच्या पुलावर भेटतात. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मूनकेक. एकच सण तीनदा दाखवा, तीन वेगवेगळ्या वर्षी. पहिल्या वर्षी तो कोडं तलवारीने कापतो, दुसऱ्या वर्षी चुकीचं उत्तर देतो, तिसऱ्या वर्षी उत्तर माहीत असून गप्प बसतो कारण तिला सोडवायचंय.

होडीचा सीन हवाच असेल तर त्या म्हणीवर बांधा: शंभर वर्षांच्या पुण्याईने एका होडीत बसायला मिळतं, हजार वर्षांच्या पुण्याईने एका उशीवर. पेइ झाओ हे ऐकून बोटं मोजायला लागतो आणि नावाड्याला विचारतो, आधीची 260 धरतात का?

पायरी 7: मराठीत लिहिताना

जागा चीनमध्येच ठेवा. पंथ कुठे आहे ते ठरवा, मी सिच्वानमधला छिंगचंग डोंगर डोळ्यासमोर ठेवते, छंगदूजवळचा, हिरवागार, दमट, धुकं, बांबू. दमट म्हणजे पांढरे झगे वाळत नाहीत, सगळे अमर लोक ओल्या बाह्यांनी हिंडतात, हे कोणी लिहीत नाही. वुदांग हवा असेल तर तो हूबेइमध्ये. खायला ओस्मँथसच्या फुलांच्या वड्या, साखरेत घोळवलेल्या लाल हॉथॉर्न फळांच्या काड्या, तांदळाची वाईन. पुरणपोळी आणलीत की जादू संपली. एवढंच की संवाद आपल्या कानाला मराठी लागायला हवेत. ‘हा नम्र सेवक आपल्या चरणी’ वगैरे प्रत्येक ओळीत नको, ते फक्त पंथप्रमुखासमोर आणि कोणाला टोमणा मारायचा असेल तेव्हा.

आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायची घाई करू नका, आपल्या भाषेने ही एक जादा पायरी दिलीये. माझ्याकडे मियेन 52व्या चॅप्टरला पहिल्यांदा ‘तू’ म्हणते, तेही ओरडून, विजा पडत असताना, ‘अरे तू खाली वाक!’ आणि तो वाकत नाही कारण ऐकून थिजलाय.

पायरी 8: कबुली, आणि नंतरचं

कबुली विजांच्या वेळी ठेवली की सोपं जातं, कारण तेव्हा आकाश खोटं ऐकून घेत नाही हे तुम्ही आधीच पेरलंय. पण मोठं भाषण नको. त्याने फक्त जुनी शपथ मागे घ्यायची, सगळ्यांसमोर, शब्दशः. निर्मोही मार्गाचं काय? मोडू द्या. थोडी शक्ती जाऊ द्या, गोल्डन कोअरला चीर पडू द्या, किंमत दिसली पाहिजे. आणि मियेनच्या 200 वर्षांचा प्रश्न चमत्काराच्या गोळीने सोडवू नका, तिने पाच मुळांची स्वतःची, हिशेबी, हळू साधना शोधावी, तिची वाट तिसाव्या चॅप्टरपासून वह्यांच्या कडेला बारीक अक्षरांत दिसत असावी. आत्याबाईंचं नातं ती स्वतःचं वेगळं शिखर घेऊन सोडवते, कागदपत्रांसकट.

कबुलीनंतर चार-पाच चॅप्टर हवेत, लगेच ‘समाप्त’ नको, वाचक एवढं थांबलाय. पुढे सहसाधक म्हणून नोंदणी (म्हणजे तिथलं लग्नच), शिष्यांच्या सट्टय़ाचा निकाल (स्वयंपाकी जिंकतो, त्याने पहिल्याच दिवशी पैसे लावले होते), आणि शिफूंचा अर्धा तास चाललेला ‘मला कोणी काही सांगत नाही’चा पाढा. त्यानंतर चिनी कादंबऱ्यांत असतात तशी फानवाई, म्हणजे मूळ कथा संपल्यावरचे जादा चॅप्टर, दोन-तीन लिहा. एकात दोघांचं पहिलं खरं भांडण घ्या, कोठाराच्या किल्लीवरून. एक स्वयंपाक्याच्या तोंडून. तिसऱ्यात मियेन एकांतसाधनेला बसते, ‘जरा बसून येते’ म्हणून, आणि पेइ झाओला पहिल्यांदाच बाहेर थांबावं लागतं, हातात वही घेऊन, बेरजा चुकत.